बोर रेती सोडणार हे आधी कळतं का?

केळीवाला, अकोट तालुका:
राजेहो, सातपुड्याच्या पायथ्याशी आमची केळी आहे. मागच्या साली ३२० फुटांचा ट्यूबवेल घेतला. चार महिने पाणी नितळ. उन्हाळ्यात लाईन येऊ-जाऊ लागली अन् ठिबकच्या फिल्टरात रेती दिसली. आता बादलीच्या तळाला बोटभर बसते, बारीक रव्यासारखी. मोटर काढली तं इंपेलर (पंपातली पाणी फेकणारी चाकं) झिजून पातळ झालेले. शेजारीच दुसरा बोर घ्यायचा आहे. खालचा थर रेती सोडंल का, हे आधी कसं ओळखायचं?

मशीनवाला:
दादा, खोदताना दर दहा फुटांचा नमुना वेगळ्या पिशवीत भरा, अन् जास्त धुऊ देऊ नका. धुतला की बारीक रेती वाहून जाते, हाती फक्त जाड उरते अन् सगळे फसतात. मग चाळणी करून घ्या. पाइपाच्या जाळीभोवती भरायची गिट्टी रेतीच्या मधल्या दाण्याच्या पाच-सहा पट हवी. तुमचा दाणा पाव मिलिमीटरचा असंल तं गिट्टी मोहरीएवढी. इथं सर्रास हरभऱ्याएवढी टाकतात, त्यातून रव्यासारखी रेती सरळ आत येते.

दर्यापूरकर, सध्या मेहसाणा:
मी तेलविहिरींवर काम करतो. कच्च्या वालुकाश्मात आमचंही हेच दुखणं. भोक पाडलं की तिथला भार भोवतालच्या भिंतीवर येतो. चहूबाजूंनी दाब सारखा असला तरी काठावर तो जवळपास दुप्पट होतो. म्हणून खोदताना भोक चिखलानं भरलेलंच ठेवा, तोच भिंतीला रेटा देतो.

पण थर किती कच्चा यावरच सगळं ठरत नाही, तुम्ही किती ओढता यावरही ठरतं. जाळीबाहेर रेतीचे दाणे एकमेकांना अडकून कमान धरतात. हळू ओढलं तर ती टिकते. लाईन गेली-आली, ऑटो स्टार्टरनं मोटर एकदम पूर्ण जोरात सुरू केली, की ती मोडते. तुमची रेती उन्हाळ्यातच सुरू झाली, त्यामुळे मला पहिला संशय तिथंच येतो.

नव्या बोरात पाव, अर्धा, पाऊण असा व्हॉल्व्ह उघडत जा, प्रत्येक टप्प्यावर बादली भरून ठेवा. रेती दिसली की त्याच्या आधीचा टप्पा तुमची मर्यादा. लॉगिंगही कराच, म्हणजे बोरात यंत्र सोडून कोणता थर विजेला किती अडवतो ते मोजणं. मात्र पूर्णा नदीकडच्या खारपाणपट्ट्यात नुसत्या त्यावर विसंबू नका: खाऱ्या पाण्याची रेती त्यात चिकणमातीसारखीच दिसते.

केळीवाला:
ऑटो स्टार्टर काढला. जुना बोर आज पाव व्हॉल्व्हवर तासभर चालवला, बादलीत चिमूटभरच रेती. उद्या अर्ध्यावर बघतो.