कुत्र्या-मांजरांतील पट्टकृमी तुमच्या लक्षात कसे आले?

आमच्या मांजरीच्या गादीवर पडलेले सुकलेले दाणे मी आठवडाभर वाळलेली शिते समजून झटकत होते. एके सकाळी तिच्या शेपटीखाली चिकटलेला तसाच एक दाणा आखडला आणि पुन्हा लांबला, तेव्हा तो पट्टकृमीचा, म्हणजे आतड्यात राहणाऱ्या फितीसारख्या चपट्या जंताचा, सुटलेला तुकडा असल्याचे कळले. आपलेही अनुभव कृपया लिहावेत.

•

आमच्या लॅब्रॅडॉरच्या शीची तपासणी दोनदा झाली आणि दोन्ही वेळा त्यात काहीच आढळले नाही. अंडी त्या तुकड्यांच्या आत असतात आणि तुकडे रोज पडतातच असे नाही, त्यामुळे नमुन्यात तुकडा आला नाही तर सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसत नाही, असे डॉक्टरांनी समजावले. अखेर अंथरुणावरचा एक दाणा डबीत घालून नेला, आणि निदान लगेच झाले.

•

आमची चूक औषधाची होती. दुकानातून आणलेल्या जंताच्या औषधात फक्त पायरँटेल होते. ते गोल जंतांवर चालते, पट्टकृमींवर नाही. डॉक्टरांनी वजनानुसार प्राझिक्वांटेल दिल्यावर दाणे थांबले, पण महिन्याभरात पुन्हा दिसू लागले आणि मी औषधालाच दोष दिला. खरे कारण पिसवा होत्या. या जंताची अळी पिसवेच्या पोटात वाढते, खाज सुटली की कुत्रा अंग चावतो, पिसू गिळतो, आणि दोन-तीन आठवड्यांत नव्या जंताचे तुकडे पडू लागतात. त्यानंतर घरातल्या कुत्र्यावर आणि मांजरावर एकाच दिवशी पिसवांचा उपचार केला, अंथरुणे गरम पाण्यात धुतली, सोफ्याच्या फटीसुद्धा झाडल्या (तिथे काय काय सापडले ते सांगत नाही), तेव्हा कुठे चक्र तुटले.

•

ढुंगण जमिनीवर घासणे म्हणजे जंतच, असे मी मानत होतो. आमच्या पॉमेरेनियनच्या गुदग्रंथी तुंबल्या होत्या.

•

आमच्याकडे मेंढ्या आहेत, आणि कापलेल्या मेंढीची आतडी-फुप्फुसे कुत्र्यांपुढे टाकण्याची जुनी सवय होती. त्यातून कुत्र्याला होणारा एक पट्टकृमी जेमतेम काही मिलिमीटर लांब असतो. त्याचे तुकडे डोळ्यांना दिसत नाहीत, कुत्रा धडधाकट दिसतो, पण त्याची अंडी माणसाच्या पोटात गेल्यास यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात. म्हणून आमच्या कुत्र्यांना आता दाण्यांची वाट न पाहता डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरावीक काळाने औषध दिले जाते, आणि आतडी खोल खड्ड्यात पुरली जातात.