स्लो कुकरमध्ये चिकनचा भुगा होतो. कोणता घ्यावा?

सांजवेळ:
घरी दोघंच. सकाळी आठला बाहेर पडतो, परत यायला साडेसहा. सध्याचा कुकर साडेसहा लिटरचा, लो-हाय-वॉर्म एवढंच बटण. अर्धा किलो चिकन लोवर ठेवलं तरी संध्याकाळी भुगा झालेला असतो आणि रस्सा कडेला करपून चिकटतो. खरोखर कमी तापणारा कुकर मिळतो का? बहीण अमेरिकेतून आणू शकेल.

मंद_आच:
तापमानापेक्षा आधी आकार बघा. लो आणि हाय दोन्ही शेवटी उकळीच्या जरा खालीच येऊन ठेपतात; लोला तिथे पोचायला वेळ जास्त लागतो, इतकंच. बहुतेक कुकरांत तापणारी तार भांड्याच्या कडेने फिरवलेली असते. साडेसहा लिटरमध्ये अर्धा किलो चिकन म्हणजे तळाला पातळ थर. तो लवकर तापतो आणि पुढचे कित्येक तास नुसता शिजत राहतो. भांडं निम्मं ते दोन-तृतीयांश भरलं पाहिजे. दोघांना अडीच-तीन लिटरचा पुरे.

दुसरं म्हणजे, ठरलेल्या तासांनी आपोआप वॉर्मवर जाणारा घ्या. चिकनला लोवर पाच तास भरपूर झाले. तुमच्या दहा तासांसाठी खरं तर मटण बरं, खांद्याचं किंवा नळीचं. त्याला सात-आठ तास लागतातच. चिकनच हवं असेल तर तंगडी घ्या. छातीचे तुकडे इतका वेळ टिकत नाहीत, कुकर कितीही चांगला असो.

पळी_पंचपात्र:
नवा कुकर आणला की परत करायची मुदत संपायच्या आत तपासा. निम्मं भांडं साधं पाणी, झाकण लावून लोवर आठ तास. झाकण काढल्याबरोबर थर्मामीटर बुडवा, कारण पाणी भराभर निवतं. 85 ते 93 अंश सेल्सिअस आलं तर ठेवा. त्याच्या वर गेला तर तो अन्न जास्त शिजवणार. 85च्या खाली राहिला तर मांसासाठी नकोच.

तारतंत्री:
अमेरिकेतून आणू नका. तिथला 120 व्होल्टचा कुकर आपल्या 230वर थेट लावला तर जवळजवळ पावणेचारपट वीज खेचतो आणि जळतो. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण रोजची कटकट कशाला? इथलाच घ्या.

आणखी एक, आणि आपल्याकडे हे फार महत्त्वाचं. वीज जाऊन आली की पुष्कळसे डिजिटल कुकर बंदच राहतात. तुम्ही घरी नसता, मांस कोमट पडून राहतं आणि ते किती वेळ हे कळत नाही. असं अन्न टाकूनच द्यावं लागतं. वीज आल्यावर कार्यक्रम पुढे चालू राहतो का, हे दुकानदाराला प्लग काढून-लावून दाखवायला सांगा.

सांजवेळ:
मग जुन्यालाच टायमरचा सॉकेट लावला तर?

मंद_आच:
नको. सॉकेट वीज पूर्ण तोडतो, वॉर्मवर नेत नाही. दुपारी बंद झालेलं मांस साडेसहापर्यंत 60 अंशांच्या खाली येतं आणि त्यात जंतू वाढतात. तोवर जुन्यातच आत बसेल असं काचेचं ओव्हनचं भांडं ठेवा, बाहेर दोन बोटं गरम पाणी. कडेची आच थेट लागणार नाही, करपणं थांबेल.

पळी_पंचपात्र:
राजमा करणार असाल तर रात्रभर भिजवा, ते पाणी ओता आणि ताज्या पाण्यात गॅसवर दहा मिनिटं खळखळून उकळूनच कुकरमध्ये घाला. त्यातलं विष लोच्या आचेवर मरत नाही.