आरव्हीच्या छतावरचा एसी: फॅन चालतो, कम्प्रेसर घुरघुरतो आणि टक् करून बंद. नक्की काय बघू?

डॅलसचा_बाळ्या

नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. डॅलसच्या उत्तरेला राहतो, सेकंडहँड घेतलेला २४ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायची आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर) आहे, ३० अँपिअरवाला, छतावर एकच एसी १३,५०० बीटीयूचा. थर्मोस्टॅट कूलवर टाकला की ब्लोअर लगेच सुरू होतो, मग दोन-तीन मिनिटांनी कम्प्रेसर उठायला बघतो, हम्म्म असा जड आवाज येतो, आतले लाइट मिणमिणतात, चार-पाच सेकंदांनी टक् आणि गप्प. ब्लोअर आपला गरम हवा फेकत बसतो. सकाळी लवकर लावला तर कधी कधी धरतो, एकदा धरला की मग बरा चालतो, पण दुपारी तर नावच नको.

एका सर्व्हिसवाल्याला दाखवला. तो शिडीवर चढलासुद्धा नाही, खालूनच आवाज ऐकून म्हणाला कम्प्रेसर गेला, अख्खं युनिट बदला, मजुरी धरून १,९०० डॉलर. एवढ्याशा आवाजावर १,९००? सासू-सासरे साताऱ्याहून आलेत, जुलैत त्यांना घेऊन पालो ड्युरो कॅनियनला जायचं बुकिंग झालंय आणि तिथे खाली दरीत उन्हाळ्यात शंभर फॅरनहाइटच्या वर जातं हे तुम्हाला माहितीये. सासरे दिवसातून तीनदा विचारतात "झाला का हो एसी?"

सध्या घरी ड्राइव्हवेमध्येच टेस्ट करतोय, गॅरेजच्या साध्या प्लगला अडॅप्टर लावून. मल्टिमीटर आहे, वापरता येतो, पण एसी कधी उघडलेला नाही.

सरळ_नवीन_टाक

माझं मत विचाराल तर जुन्या युनिटवर वेळ घालवू नका. पण १,९०० पण देऊ नका. नवीन युनिट ऑनलाइन मागवा, भोक सगळ्यांचं १४ बाय १४ इंचच असतं, चार बोल्ट आतून, दोन माणसं लागतात वर चढवायला कारण वजन पंचेचाळीस किलोच्या आसपास. एक दिवसाचं काम. जुनं ते जुनंच.

फिनिक्सचा_उन्हाळी

बाळ्याभाऊ थांबा, काही मागवू नका अजून. तुमच्याच पोस्टमध्ये दोन गोष्टी आहेत ज्या त्या सर्व्हिसवाल्याने विचारायला हव्या होत्या. एक, सकाळी धरतो दुपारी नाही. दोन, गॅरेजचा साधा प्लग. मध्ये एक्स्टेंशन वायर कुठली आहे? ती पातळ नारिंगी, लॉनच्या मशीनला लावतात तसली असेल तर आधी तिथे बघा, नाहीतर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आपण २३० व्होल्टवर वाढलेली माणसं, इथल्या १२० चा हिशोब पटकन डोक्यात बसत नाही. तेवढीच पॉवर म्हणजे दुप्पट करंट आणि वायरमध्ये पडणारे व्होल्ट करंटवर असतात. १६ गेजची (गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार पातळ) ५० फुटी वायर घ्या, जाऊन येऊन १०० फूट तांबं, साधारण ०.४ ओहम. एसी नीट चालू असताना १४ अँपिअर धरा, म्हणजे साडेपाच व्होल्ट गेले, चालतंय. पण कम्प्रेसर उठताना क्षणभर ५०-६० अँपिअर ओढतो, तेव्हा त्या वायरमध्येच २०-२४ व्होल्ट खलास. १२० चे राहिले ९६ आणि त्यात तो बिचारा उठणार कसा, जागच्या जागी घुरघुरतो, तापतो, आतला ओव्हरलोड स्विच टक् करून त्याला वाचवतो. तीच वायर १० गेजची असेल तर त्याच क्षणाला फक्त सहा व्होल्ट पडतात. आणि एकदा ओव्हरलोड उडाला की तो थंड व्हायला तासभरही लागू शकतो, म्हणून लगेच लगेच ट्राय करून काही कळत नाही, उलट कम्प्रेसरचे हाल.

दुसरा संशयित कपॅसिटर, कम्प्रेसरला उठायला धक्का देतो तो. उन्हात, छतावर, प्लास्टिकच्या कव्हरखाली वर्षानुवर्षं भाजून त्याची ताकद कमी होते. पूर्ण मेलेला नसतो, अर्धमेला असतो, म्हणून सकाळी कम्प्रेसर गार असताना कसाबसा उठवतो.

आता करायचं कसं. ट्रेलरचा प्लग काढा, नुसता ब्रेकर पाडू नका, प्लगच काढा, जनरेटर असेल तर तो बंद, इन्व्हर्टर असेल तर तोही. भल्या सकाळी वर चढा, दुपारी त्या रबरी छतावर गुडघे भाजतील. पाय टाकायला प्लायवूडचा तुकडा घ्या, पातळ छत असतं मधे मधे. कव्हरचे स्क्रू काढले की एका बाजूला एक पत्र्याची डबी दिसेल, तिच्यात कपॅसिटर. हात लावायच्या आधी डिस्चार्ज करायचा, प्लग काढलेला असला तरी त्यात चार्ज राहतो आणि तो जोरात बसतो. इन्सुलेटेड पकडीने २० किलोओहमचा रेझिस्टर टर्मिनलांवर काही सेकंद धरा, मग मीटर व्होल्टवर ठेवून शून्य आहे का बघा, मगच पुढे. आणि वायरी काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा, हे ठळक करतोय कारण C (कॉमन), HERM (कम्प्रेसर) आणि FAN (पंखा) या तीन टर्मिनलांवर रंगीत वायरींचे झुबके असतात आणि काढल्यावर सगळ्या सारख्याच वाटतात.

C ते HERM आणि C ते FAN मोजा, मीटरवर मायक्रोफॅरडची सोय हवी. अंगावर छापलेल्या आकड्यापेक्षा सहा टक्क्यांहून कमी आला तर बदला, वीस-तीस डॉलरची वस्तू. मायक्रोफॅरड तोच घ्यायचा, व्होल्टेज रेटिंग तेवढं किंवा जास्त, ३७० च्या जागी ४४० चालतो, उलटं नाही.

तिथे आहातच तर कम्प्रेसरचे ओहमही बघून घ्या. कॉमन ते रन, कॉमन ते स्टार्ट, आणि रन ते स्टार्ट. पहिल्या दोघांची बेरीज तिसऱ्याइतकी यायला हवी. कुठल्याही टर्मिनलपासून तांब्याच्या नळीपर्यंत मीटरवर जोडणी अजिबात दिसता कामा नये. हे जुळलं तर तुमचा कम्प्रेसर बहुतेक ठणठणीत आहे आणि त्या माणसाला चहासुद्धा पाजू नका.

सरळ_नवीन_टाक

गॅस कमी असेल तर? मग हे सगळं करून हात हलवत परत.

फिनिक्सचा_उन्हाळी

गॅस कमी असेल तर कम्प्रेसर उठतो आणि गार होत नाही. इथे उठतच नाहीये, आणि उठला की बरा चालतो असं ते स्वतः म्हणतायत. शिवाय या छतावरच्या बहुतेक युनिटना गॅस भरायचा व्हॉल्व्हच नसतो, फॅक्टरीतून सील करून येतात, खरंच गळत असेल तर मात्र तुम्ही म्हणता तसं नवीनच, तिथे वाद नाही. आणि गॅसच्या नळीला घरी हात लावायचा नाही, त्याला इपीएचं (इथलं सरकारी पर्यावरण खातं) सेक्शन ६०८ चं सर्टिफिकेट लागतं.

कॅम्पर_वहिनी

बाळ्या, कम्प्रेसर चालू झाला तरी तेवढ्यावर थांबू नको. आमच्या ट्रेलरमध्ये एसी धडधडत चालायचा आणि आत घामाच्या धारा, नवरा रोज गॅस संपला गॅस संपला म्हणून डोकं खायचा. आतली जाळी काढून टॉर्च मारला तर काय, थंड हवा डक्टमध्ये जायची ती बाजू आणि खोलीतली हवा वर ओढायची बाजू यांच्यामधला पत्रा एका कडेने बोटभर उघडा! म्हणजे गार केलेली हवा खोलीत न येताच परत वर. आणि डक्टच्या तोंडाशी इन्सुलेशनची भुसकट लटकत होती ती वेगळीच. सगळ्या फटींना ॲल्युमिनियमची फॉइल टेप लावली, ती राखाडी कापडी डक्ट टेप नाही हां, ती उष्णतेने सुटते. फरक त्याच संध्याकाळी कळला, सगळ्यात मागच्या बंकमध्येसुद्धा झुळूक यायला लागली.

वर चढणारच आहेस तर मागच्या कॉइलच्या फिन्स पण बघ. आमच्याकडे कॉटनवूडच्या झाडांचा कापूस आणि धूळ मिळून गोधडी झाली होती तिथे. मऊ ब्रश, कॉइल क्लीनर आणि हलकं पाणी, प्रेशर वॉशर अजिबात नाही, फिन्स लोळवून टाकतो. वाकलेल्या फिन्सना कंगवा मिळतो, खराच मिळतो, फिन कोंब म्हणून.

मग गार होतंय का ते हाताने नाही, थर्मामीटरने बघायचं. वर ओढल्या जाणाऱ्या हवेचं आणि जवळच्या व्हेंटमधून येणाऱ्या हवेचं तापमान, फरक १६ ते २२ डिग्री फॅरनहाइट असला की मशीन आपलं काम करतंय. त्याहून जास्त ते करत नाही. म्हणजे दुपारी पेटलेला ट्रेलर चारला उघडून एसी लावला तर रात्रीपर्यंत वाट बघा. सकाळीच लावायचा, छताच्या काचेच्या झडपांना उशा कोंबायच्या, पडदे बंद, ऑनिंग (बाहेरचं कापडी छप्पर) उन्हाच्या बाजूला. आणि पोळ्या बाहेर. सासूबाईंना आधीच सांगून ठेव की आत गॅस पेटणार नाही, नाहीतर पहिल्याच दुपारी फोडणी.

रॉकीजचा_राम

मला एक सांगा, पेडेस्टल (कॅम्पग्राउंडमधला विजेच्या प्लगचा खांब) नसेल तिथे २,२०० वॉटच्या छोट्या जनरेटरवर हा १३,५०० उचलेल का?

फिनिक्सचा_उन्हाळी

नुसता नाही, उठतानाच जनरेटर मान टाकतो. २,२०० हे पीक आहे, सलग १,८०० च. सॉफ्ट स्टार्टर (उठतानाचा करंट कमी करणारं यंत्र) बसवला तर उठतो, पण तुम्ही रॉकीजमध्ये राहता, दर १,००० फुटांना इंजिनाची साधारण साडेतीन टक्के ताकद जाते, आठ हजार फुटांवर पाव जनरेटर गेला. पण तिथे एसी कशाला हवाय तुम्हाला, खिडकी उघडा.

डॅलसचा_बाळ्या

आलो रिपोर्ट घेऊन.

वायर नारिंगीच होती. १६ गेज, ५० फूट, तंतोतंत. ट्रेलरच्या आतल्या प्लगमध्ये मीटर लावून बायकोला थर्मोस्टॅट दाबायला सांगितलं, आधी ११९, ब्लोअर चालू झाल्यावर ११८, कम्प्रेसर उठायला गेला की ९७ आणि टक्. सासरे शेजारी खुर्ची टाकून बसलेले, एमएसइबीत आयुष्य काढलेला माणूस, मीटर बघून म्हणाले "अहो हे तर आपल्या शेतावरच्या मोटारीसारखं झालं, सगळ्यांनी एकदम लावल्या की एकही उठत नाही."

मग दुसऱ्या दिवशी सकाळी वर. कपॅसिटर ४० (कम्प्रेसर) अधिक ५ (पंखा) मायक्रोफॅरडचा, ४४० व्होल्ट. C-FAN ४.९, छान. C-HERM २९! डोक्यावर जरासा फुगलेला पण, बोट फिरवलं की कळत होतं. कम्प्रेसर ०.८, २.६ आणि बेरीज ३.४, नळीकडे काही नाही. वहिनी, आत पण बघितलं, फट होती, बोटभर नाही पण होती, टेप मारली. फिन्समध्ये गोधडी नाही पण चादर होती.

नवीन कपॅसिटर २४ डॉलर, आणि १० गेजची वायर मात्र महाग पडली, कपॅसिटरच्या कित्येक पट. आता उठताना ११० पर्यंत जातो आणि लगेच वर, आवाज पण वेगळाच, घुर्र न करता सरळ धडाक करून सुरू होतो. काल दुपारी ९८ डिग्रीत वर जाणारी हवा ८३, येणारी ६४. सासरे आतच झोपले दुपारचे.

एकच लफडं राहिलं. गॅरेजचा ब्रेकर २० चा आहे पण त्याच लाइनवर मोठा फ्रीझर आहे, फ्रीझर सुरू झाला की ब्रेकर पडतो. म्हणून आता इलेक्ट्रिशियनला बोलावून बाहेरच्या भिंतीवर ३० अँपिअरचा प्लग करून घेणारे. आणि पार्कमध्ये व्होल्टेजच कमी असेल तर काय, ते पण सांगा. हार्ड स्टार्ट किट (उठताना कम्प्रेसरला जादा धक्का देणारं) पण घालू का?

सरळ_नवीन_टाक

२४ डॉलर. बरं बाबा. जिंकलात.

फिनिक्सचा_उन्हाळी

वा! हार्ड स्टार्ट आत्ता नको, उठतोय ना, मग त्याच्या मागे काठी कशाला लावायची.

पार्कचं म्हणाल तर तो त्रास खरा आहे. जुन्या कॅम्पग्राउंडमध्ये संध्याकाळी चार-पाचला सगळ्यांचे एसी चालू असतात आणि लाइन झोपते. एक इएमएस (व्होल्टेजवर लक्ष ठेवणारा डबा) घ्या, पेडेस्टल आणि ट्रेलरच्या मध्ये बसतो, १०४ व्होल्टच्या आसपास खाली गेलं की स्वतःच कापतो. ट्रिप झाला तर त्याला शिव्या घालू नका, त्याने एसी वाचवला. फार वेळा होत असेल तर ऑटोफॉर्मर मिळतात, आपल्या गावाकडच्या स्टॅबिलायझरचेच मोठे भाऊ, व्होल्टेज दहा टक्के उचलून देतात, पण स्वस्त नाहीत. त्याआधी फुकटचा उपाय, एसी चालू असताना मायक्रोवेव्ह बंद आणि पाण्याचा गीझर विजेवर नाही, गॅसवर.

आता त्या प्लगचं, आणि हे नीट वाचा. आरव्हीचा ३० अँपिअरचा प्लग १२० व्होल्टचा असतो. तीन पिना, दोन तिरक्या आणि एक गोल. पण घरातल्या कपड्यांच्या ड्रायरचा जुना तीन पिनांचा ३० अँपिअर प्लग २४० चा असतो आणि ज्या इलेक्ट्रिशियनने कधी आरव्ही केलेली नाही तो ३० अँपिअर ऐकलं की सवयीने डबल पोल (दोन जिवंत तारांचा) ब्रेकर टाकून २४० देऊन मोकळा होतो. मग ट्रेलर लावल्या लावल्या कन्व्हर्टर (ट्रेलरची बॅटरी चार्ज करणारा), मायक्रोवेव्ह, टीव्ही आणि तुमचा नवा कपॅसिटर सगळं एकदम धुरात. त्याला सांगताना टीटी-३० (आरव्हीच्या या प्लगचं नाव) म्हणून सांगा, १० गेज वायर, सिंगल पोल ३० चा ब्रेकर. तो गेल्यावर ट्रेलर लावायच्या आधी स्वतः मोजा. दोन तिरक्यांच्या मध्ये १२०, एका तिरकीपासून गोलपर्यंत १२०, दुसरीपासून गोलपर्यंत शून्य. कुठेही २४० दिसलं तर प्लगला हात लावू नका.

डॅलसचा_बाळ्या

बापरे. तो फोनवर "ड्रायरसारखाच ना, करून देतो" असंच म्हणाला होता. आत्ताच परत फोन लावतो.