सीडीसी निगेटिव्ह, फ्लो पॉझिटिव्ह: नवऱ्याची किडनी बायकोला चालेल का?

प्रश्न (डायलिसिस_युनिट)
रुग्ण बाई, ३८ वर्षांच्या. दाता नवरा. रक्तगट दोघांचा बी पॉझिटिव्ह. दोन बाळंतपणं झालेली, वर्षभरात रक्ताच्या तीन पिशव्या चढवलेल्या. क्रॉसमॅच (दात्याच्या पेशींवर रुग्णाचं सीरम घालून बघणं) सीडीसी पद्धतीने निगेटिव्ह, पण फ्लो सायटोमेट्रीत टी आणि बी (पांढऱ्या पेशींचे दोन प्रकार) दोन्ही पेशी पॉझिटिव्ह. सिंगल अँटिजेन बीडवर (एकेक एचएलए अँटिजेन, म्हणजे पेशींवरची ओळखखूण, लावलेले मणी) नवऱ्याच्या ए२ या एचएलएविरुद्ध एमएफआय (चमकेचा आकडा) ६,८००. यातली कुठली तपासणी धरायची? आणि प्लाझ्मा बदलून अँटिबॉडी काढता येत असतील तर घाबरायचं कशाला?

एचएलए_लॅब
दोन्ही तपासण्या बरोबर आहेत. सीडीसीत दात्याच्या जिवंत लिम्फोसाइटवर (याच टी आणि बी पेशी) रुग्णाचं सीरम आणि मग सशाचं कॉम्प्लिमेंट (अँटिबॉडी चिकटलेली पेशी मारणारी रक्तातली प्रथिनं) घालतात. पेशी मरेल एवढी अँटिबॉडी असेल तरच ती पॉझिटिव्ह येते. फ्लोमध्ये पेशी मरावी लागत नाही, नुसती चिकटलेली आयजीजीही (अँटिबॉडीचा एक प्रकार) दिसते. त्यामुळे कमी प्रमाणातली अँटिबॉडी तिथे सापडते.

तुमचे निकाल एकमेकांशी जुळतातही. ए२ हे पहिल्या वर्गाचं अँटिजेन, ते टी आणि बी दोन्ही पेशींवर असतं, म्हणून दोन्ही पॉझिटिव्ह. फक्त बी पॉझिटिव्ह असती तर डीआर-डीक्यू (दुसऱ्या वर्गाचे अँटिजेन) बघावं लागलं असतं, किंवा आधी रिटुक्सिमॅब (बी पेशींना चिकटणारं औषध) दिलं होतं का ते विचारावं लागलं असतं.

६,८०० म्हणजे चमक किती आहे त्याचा आकडा, रक्तात अँटिबॉडी किती आहे त्याचं माप नव्हे. अँटिबॉडी खूप असली तर कॉम्प्लिमेंट मध्ये येतं आणि आकडा उलट कमी दिसतो. लॅबला सीरममध्ये ईडीटीए (कॉम्प्लिमेंट थांबवणारं रसायन) घालून किंवा १:१० पातळ करून पुन्हा लावायला सांगा. शेवटची पिशवी कधी चढवली तेही कळवा. त्यानंतर किमान दोन आठवड्यांनी घेतलेलं सीरम हवं. दात्याचं रक्त हेपॅरिनच्या ट्यूबमध्ये पाठवा आणि फ्रिजमध्ये ठेवू नका. पेशी मेल्या की क्रॉसमॅचला अर्थ राहत नाही.

नेफ्रो_ओपीडी
मला काळजी वाटते ती बाळंतपणांची. बाळात अर्धं एचएलए बापाचं असतं. ए२ मुलांत आलं असेल तर आईच्या मेमरी बी पेशींना ते आधीपासून ओळखीचं आहे. किडनी बसवल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत त्या जाग्या होऊ शकतात, ऑपरेशनआधी आकडा खाली आणला असला तरीही.

प्लाझ्मा बदलण्याबद्दल. आयजीजी निम्म्याहून थोडी कमी रक्तात असते, बाकीची ऊतींमध्ये. आज काढली की एक-दोन दिवसांत बाहेरची आत येते. म्हणून दिवसाआड सत्रं, आणि प्रत्येकानंतर किलोमागे १०० मिलिग्रॅम आयव्हीआयजी (शिरेतून द्यायची आयजीजी). अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशी तोवर नवी बनवतच असतात. त्यांच्यावर सीडी२० (रिटुक्सिमॅब ज्याला चिकटतं ती खूण) नसतं, म्हणून रिटुक्सिमॅबचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. दरवेळी फक्त अल्ब्युमिन भरलं तर फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) उतरतं आणि ऑपरेशनमध्ये रक्त थांबत नाही. शेवटच्या सत्रात एफएफपी (ताजा गोठवलेला प्लाझ्मा) वापरा.

सीडीसी निगेटिव्ह असल्यामुळे टेबलावरच किडनी निळी पडण्याची भीती कमी. पण नंतर लघवी घटली, क्रिएटिनिन चढलं, तर थांबू नका, बायोप्सी करा. सी४डी (अँटिबॉडीच्या हल्ल्याची बायोप्सीत दिसणारी खूण) निगेटिव्ह आलं म्हणून अँटिबॉडीचं रिजेक्शन नाही असं मानू नका. ग्लोमेरुलस (किडनीतली गाळणी) आणि पेरिट्युब्युलर (नलिकांभोवतीच्या) केशवाहिन्यांत पेशी साचल्यात का ते पॅथॉलॉजिस्टला आवर्जून विचारा.

माझं मत स्पष्ट आहे: दुसरा दाता मिळण्याची शक्यता असेल तर आधी तो शोधा.

प्रत्यारोपण_समन्वयक
पूर्ण सहमत. १९९४च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११च्या दुरुस्तीने स्वॅपला जागा दिली आहे. जवळच्या नात्यातला दाता जैविकदृष्ट्या जुळत नसेल तर दुसऱ्या जोडीशी अदलाबदल करता येते. रक्तगट जुळतो म्हणून अनेक जण स्वॅपचा विचारच करत नाहीत. अँटिबॉडी आडवी येणं हेही न जुळणंच आहे. नाव नोंदवताना टाळायच्या अँटिजेनची यादी सोबत द्या, ए२ सगळ्यात वर. नाहीतर समोरचा दाताही ए२चाच निघतो आणि दोन्ही कुटुंबांचे महिने वाया जातात.

डायलिसिस_युनिट
स्वॅप जुळेपर्यंत काय सांभाळायचं?

एचएलए_लॅब
रक्त चढवणं टाळा. हिमोग्लोबिन एरिथ्रोपोएटिन आणि लोहाच्या इंजेक्शनवर राखा. द्यावंच लागलं तर पांढऱ्या पेशी गाळलेलं रक्त मागवा, आणि दोन आठवड्यांनी बीडची तपासणी पुन्हा. ऑपरेशनआधीचा शेवटचा क्रॉसमॅच ताज्या सीरमवरच करा, फ्रीझरमधल्या जुन्या नमुन्यावर नाही.