दिवाण-ए-खासचे चांदीचे छत मराठ्यांनीच उतरवले का?

प्रश्न: नमस्कार. मी नागपूरला महाल या वस्तीत राहतो. दिवाळीच्या सुटीत कुटुंबासह दिल्लीचा लाल किल्ला पाहिला. दिवाण-ए-खासच्या संगमरवरी खांबांवरील रंगीत दगडांची फुले माझी मुलगी कठड्याबाहेरून बराच वेळ निरखत होती. तेवढ्यात वाटाड्याने सांगितले, की या दालनाच्या छताची चांदी मराठ्यांनी काढून नेली. ऐकून मन खट्टू झाले. हे खरे आहे का? आज दिसते ते छत कोणत्या काळातले?

उत्तर १: खरे आहे आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. १७६० च्या ऑगस्टमध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली, तेव्हा पैशाची तंगी इतकी होती, की फौजेचा खर्च भागवण्यासाठी छताचे चांदीचे पत्रे उतरवून, वितळवून त्यांची नाणी पाडली गेली. पानिपताआधीची ती निकड समजून घेता येते. पण शहाजहानच्या कारागिरांचे काम गेले ते गेलेच, आणि मला त्याचे वाईट वाटते. अर्थात दालनाची लूट त्याआधीच सुरू झाली होती, कारण मयूरासन १७३९ मध्येच नादिरशहाने इराणला नेले होते. आजचे छत लाकडी असून त्यावरील रंगकाम १९११ मध्ये नव्याने करण्यात आले.

उत्तर २: आपल्या मुलीने पाहिली ती पच्चीकारी. संगमरवरात फुलाच्या आकाराची खाच कोरायची, रंगीत दगडाची चकती त्या खाचेबरहुकूम घासायची, ती बसवायची आणि मग सगळा पृष्ठभाग एकसारखा घोटायचा, असे हे काम असते. खांबांच्या खालच्या भागात ही फुले आहेत, तर वरच्या भागात सोनेरी मुलामा आणि रंगकाम. दालनाच्या मधून नहर-ए-बिहिश्तचे, म्हणजे ‘स्वर्गाच्या कालव्याचे’ पाणी वाहत असे. ‘पृथ्वीवर स्वर्ग असेल तर तो येथेच’ या अर्थाच्या फारसी ओळी ज्या भिंतींवर कोरलेल्या आहेत, त्याच दालनात १८५८ मध्ये बहादूरशहा जफरवर खटला चालला.

उत्तर ३: आपण महालातच राहता, म्हणून लिहितो. ज्या राजवाड्यावरून आपल्या वस्तीला हे नाव मिळाले, तो भोसल्यांचा वाडा काळ्या दगडाचा होता आणि त्यात लाकडी कोरीवकाम विपुल होते. १८६४ च्या आगीत तो जळाला. नगारखान्याचे मोठे प्रवेशद्वार तेवढे वाचले. मुलीला एकदा तेही जवळून दाखवा.