हेरगिरी, तपास आणि छडा

खासगी डिटेक्टिव्हच्या कामाला मराठीत ‘हेरगिरी’ म्हणावं का, हा प्रश्न नागपुरात निघणारच. हिंदीचा शेजार आपल्या दाराशीच आहे. हिंदीत शत्रूची बातमी आणणाराही जासूस आणि हरवलेला हार शोधून देणाराही जासूस. मराठीत ही दोन कामं वेगळी आहेत, आणि ती वेगळीच राहावीत असं मला मनापासून वाटतं.

हेर परक्याच्या गोटातून बातमी काढतो. बहिर्जी नाईक हेर होते. ‘हेरणे’ हे क्रियापदही तेच सांगतं: सावज हेरतात, संधी हेरतात, लग्नघरी एखादी मुलगी सुनेसाठी हेरून ठेवतात. ज्याला हेरलं त्याला त्याची खबर नसते, आणि तिथे गुन्हा घडलेला असायलाच हवा असंही नाही. (पेशवाईतल्या पत्रांमध्ये ‘जासूद’ भेटतो, पण तो बहुतेकदा पत्र पोचवणारा असतो; म्हणून तर ‘जासूदजोडी’ रवाना होते.)

गुन्ह्याच्या शोधासाठी आपल्याकडे पायरीपायरीने शब्द आहेत. आधी सुगावा, मग माग, शेवटी छडा. सुगावा ‘लागतो’, तो आपण लावत नाही. माग ‘काढावा’ लागतो. जुन्या गावगाड्यात चोराच्या पावलांचा माग काढत गावचे राखणदार शिवेपर्यंत जात, आणि माग पुढच्या गावात शिरला की जबाबदारीही त्या गावावर जाई. छडा मात्र ‘लावतात’, तोही मेहनतीने. म्हणून ‘पोलिसांना छड्याचा सुगावा लागला’ असलं वाक्य कानाला खटकतं. बोलताना आपण नागपूरकर सरळ ‘पता लावतो’ म्हणतो, आणि घरगुती बोलण्यात ते छानच वाटतं.

पोलिसांची भाषा आणखी निराळी. ठाण्यातलं ‘डीबी पथक’ कागदावर ‘गुन्हे प्रकटीकरण पथक’ असतं, सीआयडी म्हणजे ‘गुन्हे अन्वेषण विभाग’. बातम्यांत ‘चौकशी’ आणि ‘तपास’ सर्रास एकमेकांच्या जागी येतात, ते टाळायला हवं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतला फरक कायम आहे: पुरावा गोळा करण्यासाठी पोलीस करतात तो तपास, आणि दंडाधिकारी किंवा न्यायालय खटल्याव्यतिरिक्त करतं ती चौकशी. ‘संशयिताची चौकशी केली’ हा रोजचा प्रयोग मात्र बरोबर आहे, तिथे चौकशी म्हणजे विचारपूस.

मग खासगी डिटेक्टिव्हचं काय? तो कोणाच्या मागे फिरत असेल तर ती ‘पाळत’. हरवलेल्या माणसाचा ठावठिकाणा काढत असेल तर ‘शोध’. आणि लग्नाआधी मुलाची नोकरी, व्यसनं, कर्ज बघत असेल, तर त्याला आपल्या घरांमध्ये पूर्वीपासून ‘स्थळाची चौकशी’ म्हणतात. पाटीवर तेच लिहावं.