स्क्रीनवर झकास दिसणारा सूर्यास्त प्रिंटमध्ये काळवंडला, काय चुकलं?

डोंगरवेडा:
मंडळी मदत हवीये. डोंगरमाथ्यावरून सूर्यास्त टिपला होता, एकामागे एक सात रांगा, पुढची गडद आणि मागच्या फिकट होत गेलेल्या, लॅपटॉपवर बघितलं की अजून अंगावर काटा येतो. सोफ्यावरच्या भिंतीसाठी हौसेने २४ बाय ३६ इंच प्रिंट काढली, गुंडाळी उघडली तर सगळं काळपट, पुढचे दोन डोंगर म्हणजे नुसता डाग आणि सूर्याभोवती सपाट पिवळा ठिपका. कॅमेरा २४ मेगापिक्सेल, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) आहे. मेगापिक्सेल कमी पडले का? परत काढताना मॅट घेऊ, ग्लॉसी की कॅनव्हास?

शाईकागद:
मेगापिक्सेलचा काही संबंध नाही. ६००० पिक्सेल भागिले ३६ म्हणजे इंचाला १६६ पडतात, पाच-सहा फुटांवरून बघायला भरपूर झाले. खरी गडबड ब्राइटनेसची वाटतेय. स्क्रीन स्वतः उजेड फेकते, कागद फक्त खोलीतला उजेड परत देतो, त्यामुळे फुल ब्राइटनेसवर एडिट केलेला फोटो कागदावर काळाच येणार. कॅलिब्रेटर (स्क्रीनचा उजेड आणि रंग मोजून नीट करणारं यंत्र) नसेल तर एक करा, स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा, शेजारी पांढरा कागद धरा आणि दोन्ही सारखे दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. मग त्या कागदाचं प्रोफाइल (त्यावर रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल) लावून सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छापल्यावर कसं दिसेल त्याची स्क्रीनवरची झलक, बघा, आणि मोठी प्रिंट टाकायच्या आधी एकाच छोट्या कागदावर फोटोची तीच पट्टी फोटोचा ब्राइटनेस कमी-जास्त करून तीनदा छापून घ्या. मी आजही हे केल्याशिवाय मोठी प्रिंट काढत नाही.

सांजवेळ:
पिवळा ठिपका मात्र प्रिंटचा दोष नाही हो, तो फोटो काढतानाच झालाय. सूर्यास्ताला लाल चॅनल (फोटोतला लाल रंगाचा भाग) सगळ्यात आधी फुटतो, म्हणजे इतका उजळतो की तपशील उरत नाही, मग केशरी जाऊन पिवळं उरतं, आणि साध्या हिस्टोग्रामवर (फोटोतल्या उजेडाचा आलेख) ते कळतही नाही, तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लावून बघायचा. ट्रायपॉड असेल तर दोन-दोन स्टॉपच्या फरकाने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) तीन फ्रेम घ्या, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ (लेन्सचं छिद्र) ८ ते ११. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल ठरवणारी सेटिंग) ऑटोवर ठेवला की कॅमेरा केशरी रंगच धुवून काढतो, डेलाइट ठेवा, रॉ आहे म्हणजे तेवढं आताही बदलता येईल.
आणि कळकळीने सांगते, सूर्य बुडाला की बॅग आवरू नका!! अजून वीस-पंचवीस मिनिटं थांबा आणि एकदा मागे वळून पूर्वेकडे बघा, आकाश स्वच्छ असेल तर क्षितिजावर निळसर करडा पट्टा वर चढताना दिसतो, ती पृथ्वीची सावली, तिच्यावर गुलाबी पट्टा. माझ्या घरातली सगळ्यात लाडकी प्रिंट तीच आहे, तिच्यात सूर्य नाहीच. उतरायला हेडटॉर्च मात्र हवाच.

डोंगरवेडा:
कागदाची युक्ती केली, ब्राइटनेस निम्म्याच्याही खाली आला आणि फोटो खरंच काळा आहे!! सूर्य बुडाल्यानंतर दहा मिनिटांनी काढलेली फ्रेमही सापडली, त्यात काहीच फुटलेलं नाही, तीच टाकतो. कागदाचं सांगा कुणीतरी.

भिंतआणिचौकट:
कॅनव्हास नको, त्याच्या विणीत मागच्या फिकट रांगा हरवतात आणि कडा फ्रेमवर दुमडल्या की तेवढा फोटो बाजूला जातो. ग्लॉसीत गडद डोंगरांवर समोरची खिडकी दिसत राहील. मी मॅट घेतला असता.

शाईकागद:
मॅटवर काळा तितका खोल येत नाही, ह्या फोटोत पुढचे डोंगर गडदच हवेत. लस्टर (मॅट आणि ग्लॉसीच्या मधला कागद) घ्या, चमक कमी आणि काळा चांगला.

भिंतआणिचौकट:
हे पटलं, लस्टरच घ्या. काच लावणार असाल तर मधे माउंट (जाड पुठ्ठ्याची चौकट) ठेवा, प्रिंट काचेला चिकटता कामा नये. मोकळ्या भिंतीवर फोटोचा मध्य जमिनीपासून १४५-१५० सेंमीवर धरतात पण सोफ्यावर तो हिशोब चालत नाही, पाठीपासून १५-२० सेंमी वर लावा. थेट ऊन पडणारी भिंत असेल तर दुसरी शोधा, रंग उडतात. बल्ब सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वरचा बघा आणि टेस्ट पट्ट्या त्याच बल्बखाली, त्याच भिंतीवर धरून रात्री बघा, मगच मोठी टाका.